सोलारवाल्याला आधी बिल दाखवा

संपादक साहेब,
गच्चीवरच्या सोलारच्या जाहिराती रोज दिसतात म्हणून आमचा अनुभव लिहितोय. आमच्याकडे आलेल्या एजंटने बिल न बघताच 5 किलोवॅट सांगून टाकलं. मी वर्षभराची बिलं काढून बसलो, सरासरी 240 युनिट महिन्याला, आणि 1 किलोवॅट आपल्याकडे दिवसाला साधारण 4 युनिट देतं म्हणजे 2 किलोवॅटमध्ये भागतंय की! केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी 2 किलोवॅटला 60 हजार, 3 ला 78 हजार, त्याच्या वर कितीही लावा तरी 78 च, हे मात्र एजंटसाहेब बोललेच नाहीत. आणि ती खात्यात येते सिस्टीम चालू झाल्यावर.

दुसरं म्हणजे बॅटरी नसलेलं साधं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलार असेल तर लाइट गेली की सोलारही बंद, का तर आपली वीज उलटी लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये. आमच्या सौ. इन्व्हर्टर विकायला निघाल्या होत्या!

तीननंतर टाकीची सावली बरोबर दोन पॅनलवर यायची, शेवटी पॅनलखालचं स्ट्रक्चर दीड फूट उचलून घेतलं, त्याचे पैसे वेगळे, कोटेशनमध्ये ते नव्हतंच.

- एक वाचक, सातारा