जरा हळू

प्रिय मित्रा,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. कामात होतो वगैरे थापा तुझ्यापुढे चालायच्या नाहीत, म्हणून मारतही नाही. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

परवा बँडच्या ग्रुपवर लंबूने टाकलं, "या रविवारी निवांत अकूस्टिक बसू." खाली लगेच तीन अंगठे. अर्थ तुला सांगायला नको, माझ्या ड्रम्सशिवाय.

आधीच्या रविवारी दुसऱ्याच गाण्याला मास्तर वळून म्हणाला, "जरा हळू." केलं हळू. तिसऱ्या गाण्यात पुन्हा तेच. मग कीबोर्डवाल्याने कानांत कापूस कोंबला, तोही माझ्याकडे बघत बघत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आधी लंबूचा अ‍ॅम्प बघा! आणि ते खोटं नव्हतं रे. अ‍ॅम्प जमिनीवर, आवाज सगळा त्याच्या पोटऱ्यांवर. त्याला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, मग मला माझा स्नेअर, म्हणजे पुढ्यातला ड्रम, ऐकू येत नाही म्हणून मी हाणतो, की तो आणखी वाढवतो. पण त्याच्याकडे निदान बटण आहे. माझ्याकडे मनगट, आणि ते तुझ्या मते जन्मतःच अडकलेलं.

हो, आठवतंय सगळं. "तू वाजवत नाहीस, पाडकाम करतोस" म्हणाला होतास आणि मी सहा महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. (माझी पेडलची चावी तेव्हापासून तुझ्याकडेच आहे, तो हिशेब वेगळा.)

तर त्या दिवशी लंबूच्याच विरोधात पुरावा म्हणून मी त्याच्या खुर्चीवर फोन ठेवून रेकॉर्डिंग केलं होतं. रात्री हेडफोन लावून ऐकलं. गाणं कुठे चाललंय तेच कळेना. किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) ठीक, स्नेअरही सोसण्यासारखा, पण क्रॅश आणि उघडा हायहॅट, या दोन झांजा म्हणजे सगळ्यांच्या अंगावरून पत्रा फरफटत नेल्यासारखं. बुटकं छत, उघड्या भिंती, आवाज जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी एकट्यानेच वाजवताना फोनवर मोजला, कानाशी १०३ डेसिबल. फोनचं माप काही काट्याचं नव्हे, तरी. कानाला ८५ ला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. आपण बसायचो तीन-तीन तास! आणि त्या कापसाने आवाज फारसा अडत नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार.

पण मला खाणारी गोष्ट पुढेच आहे. मी स्नेअरवर आवाज दाबणारं जेल चिकटवलं, ५ए काठ्या सोडून बारीक ७ए घेतल्या, रॉड्सही आणले (बारीक काड्यांच्या जुड्या, त्यांचा आवाज सुपात काहीतरी पाखडल्यासारखा येतो). मग काठी दोन इंचांवर उचलायची नाही असं ठरवून आपला नेहमीचा साधा ठेका धरला. दहा मिनिटांत लय घसरली. मेट्रोनोम एकीकडे, मी एकीकडे. जोरात मारलं की काठी आपणहून उसळून वर येते, हळू मारताना ती दर वेळी बोटांनी उचलून आणावी लागते. ती बोटं माझ्याकडे नाहीतच. इतकी वर्षं मी लय सांभाळत होतो की नुसता जोर, हे आता मला सांगता येत नाही. लंबूला हे कळलं तर जन्मभर पुरेल त्याला. तुलाच लिहितोय, कारण तू ते तेव्हाच ओळखलं होतंस.

रोज अर्धा तास करतोय. कालपर्यंत मंद लयीत जमतं, वेग वाढवला की मनगट परत जुन्या वळणावर.

रविवारी न बोलावता जाऊ का? फक्त स्नेअर, हायहॅट आणि ब्रश, क्रॅश घरी. की अंगठा दाखवून गप्प बसू? शुक्रवारपर्यंत कळव.

नवी नोकरी कशी आहे? वहिनींना नमस्कार, पोरीला खूप खूप आशीर्वाद. सविस्तर पुढच्या पत्रात, शप्पथ.

तुझाच,
पाडकामवाला

ता. क. कॅजॉन (वर बसून हाताने वाजवायची ती पेटी) घे असं लिहू नकोस. मास्तरने आधीच सुचवलंय.