बाईंना एक तारा, आणि आम्हाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपबद्दलचा कालच्या पुरवणीतला कौतुकाचा लेख वाचला. फोटो छान होते. लेखक महाशय सकाळी साडेसातला फाटकाच्या बाहेरच्या बाजूला कधी उभे राहिलेले दिसत नाहीत, एवढंच.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई अकरा वर्षं येताहेत, जनता वसाहतीतून चालत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी घराची किल्ली पंधरा दिवस त्यांच्याकडे होती. आता त्यांना रोज वॉचमनच्या फोनसमोर चेहरा धरावा लागतो. जुलैतल्या एका सकाळी डोक्याला रुमाल, चेहरा ओला, आणि फोन म्हणाला, ‘ओळख पटली नाही’. वॉचमन त्यांना नावानं ओळखतो, त्याच्या मुलीच्या बारशाला त्या जेवून आल्यात. पण फोनला पटेना, म्हणून तोही सोडेना! वीस-पंचवीस मिनिटं गेली, मागं बायकांची रांग.

त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या घरी उशीर झाला. संध्याकाळी अ‍ॅपवर बाईंच्या फोटोखाली एक तारा आणि शेरा: ‘भरवशाच्या नाहीत’. हा शेरा सव्वाशे घरांना दिसतो. दिसत नाही तो फक्त बाईंना, कारण त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. बी विंगमधलं एक काम ठरत आलं होतं, ते फिसकटलं. का, ते कुणी सांगितलं नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “काकू, मला पण द्या की तारे द्यायला. पगार कोण पंधरा तारखेपर्यंत लोंबकळत ठेवतं, सगळं घालते त्यात.”

सेक्रेटरींकडे गेले. “मॅडम, शेरा पुसायची सोय सिस्टीममध्ये नाही.” सोय नाही! २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे. संमती घ्यायची तर मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे, निदान अजून तरी. बाईंना कुणी काही वाचायला दिलं नाही. फोटो काढला, आधारची झेरॉक्स घेतली, संपलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. तो आमच्या फाटकाच्या आत राहणाऱ्यांपुरताच आहे, असं काही मला त्यात आढळलं नाही.

आणि सुरक्षितता म्हणाल तर गेल्या दिवाळीत पार्किंगमधल्या दोन सायकली गेल्या. कॅमेऱ्यात काय दिसलं? रहिवाशाच्याच गाडीतून आलेली दोन पोरं. गाडीच्या काचेवर स्टिकर असला की दांडा आपोआप वर जातो, आत कोण बसलंय ते कुणी विचारत नाही. त्या पोरांना किती तारे मिळाले, कळलं नाही. मीटिंगमध्ये मात्र ठराव झाला की कामवाल्या बायकांच्या पिशव्या बाहेर पडताना तपासाव्यात.

अ‍ॅप नकोच, असं मी म्हणत नाही. रात्री अकराला कुणी बेल वाजवली तर मलाही कोण आहे ते कळलेलं हवं असतं. पण तारे द्यायचे असतील तर दोन्ही बाजूंनी द्या, नाहीतर काढून टाका.

आपली,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे
(नाव छापू नये. मला याच सोसायटीत राहायचं आहे.)

ता. क. : लेख नातवाला पाठवावा म्हणून आपल्या वर्तमानपत्राचं अ‍ॅप उतरवून घेतलं. त्यानं आल्या आल्या माझ्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली. अग्रलेख वाचायला माझ्या भावजयीचा नंबर कशाला लागतो, तेवढं कळवावं.