पाडव्याच्या रात्री फोन का नाही उचलला

आई, बाबा, साष्टांग नमस्कार.

आधी सांगतो, मी बरा आहे. थंडी अजून तेवढी नाही, जाड जॅकेट आहे, जेवण वेळेवर होतं. भाऊबीजेच्या सकाळी पिंकीने व्हिडिओ कॉल केला तेव्हा इथे टोरोंटोत पाडव्याचीच रात्र होती, २ नोव्हेंबर, आणि मी स्टेडियममध्ये होतो, आवाज इतका की खिशातला फोन कळलाच नाही. आणि बाबा, तिकिटाला पैसे घातले नाहीत, ऑफिसमधल्या एकाकडे जादा होतं.

मॅच बास्केटबॉलची, टोरोंटो रॅप्टर्सची, पण गर्दी त्यांच्या जुन्या खेळाडूसाठी, विन्स कार्टरसाठी. तो २०२० लाच रिटायर झाला, २२ सीझन खेळून. त्या रात्री त्याची १५ नंबरची जर्सी छताला चढवली, टीमने हा मान पहिल्यांदाच कुणाला दिला. काय उडी होती त्याची! २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये फ्रान्सचा सात फूट दोन इंचांचा गडी समोर, हा साडेसहा फुटी, सरळ त्याच्या डोक्यावरून जाऊन बॉल रिंगमध्ये कोंबला. आई, तुला हे आवडेल, २००१ ला सातव्या, निकालाच्या मॅचच्या सकाळी तो कॉलेजात पदवी घ्यायला गेला, मग विमानाने मॅचला. शेवटचा शॉट हुकला, एका पॉइंटने हरले. लोक अजून त्यावरून भांडतात. मला वाटतं बरोबर केलं त्याने.

पण एक गोष्ट मला कळेना. इथली माणसं सारखी सॉरी म्हणतात. आपला पाय त्यांच्या पायावर पडला तरी सॉरी तेच म्हणणार, आपण वीस पावलं लांब असलो तरी दार धरून उभे राहणार, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणणार. आणि हीच माणसं, २००४ च्या डिसेंबरात तो न्यू जर्सीच्या टीमकडे गेला तेव्हापासून, तो इथे खेळायला आला की बॉल हातात पडला रे पडला की हुर्यो करायची, आणि हे एकदोन नाही, जवळजवळ दहा वर्षं. शेजारचे काका म्हणाले, मीपण ओरडायचो, आपला म्हटलेला पोरगा सोडून गेला ते डोक्यातनं जातच नव्हतं. २०१४ ला तो मेम्फिसच्या टीमकडून इथे खेळायला आला तेव्हा स्क्रीनवर त्याच्या जुन्या उड्या दाखवल्या, सगळे उठून उभे राहिले आणि तो रडला. परवा काका रडत होते. मलाही भरून आलं, का ते तुम्हाला कळेल.

आता पैशांचं. या महिन्यात चाळीसच हजार पाठवलेत, रूमचं भाडं वाढलं, उरलेले डिसेंबरात नक्की, स्लॅबवाल्याला थांबवू नका. पिंकीच्या लग्नाला येणार म्हणजे येणार, फक्त हळदीच्या दिवशीच पोचेन, रजा दहाच दिवस मिळतेय, आई रडू नको. कराडच्या मुलीचा फोटो बघितला, छान आहे, नाही म्हणत नाहीये, पीआरचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचं, पत्र येऊ दे मग बोलू. ओवाळणी बाबांच्या खात्यात टाकलीय, पिंकीला द्या. ओवाळायचं ताट दुपारपर्यंत तसंच झाकून ठेवलेलं म्हणे तिने. रविवारी तुमच्या सकाळी सातला मी लावतो फोन, तिला उठवून ठेवा.