मधमाशीपालनाची साधने : आधी पेटी, मग मधयंत्र

संपादक महोदय,

मधमाशीपालन सुरू करू पाहणारे अनेक जण उत्साहाच्या भरात सर्वप्रथम मधयंत्र, म्हणजे पोळ्यांतून मध काढण्याचे यंत्र, विकत घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण नव्या वसाहतीला पोळी बांधून स्थिरावण्यासाठी बहुधा पहिला हंगाम लागतो आणि तोवर ते यंत्र पडूनच राहते. खरे लक्ष पेटीकडे हवे. अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये ओळखलेले सुमारे 6 ते 9 मिलिमीटरचे अंतर पेटीतल्या, पोळी धरून ठेवणाऱ्या चौकटींभोवती नेमके राखलेले नसेल, तर माश्या अरुंद फटी राळेने बुजवतात, रुंद जागेत वेडीवाकडी पोळी बांधतात आणि मग माश्या न चिरडता एक चौकट उचलणेही कठीण होते.

जुनी पेटी स्वस्त मिळाली तरी तिचा इतिहास ठाऊक नसल्यास ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाचे बीजाणू लाकडात कित्येक दशके जिवंत राहतात.

याखेरीज जाळीचा बुरखा, धूर देण्याचे धुराडे आणि चौकटी सुट्या करणारी पोलादी पट्टी पुरे. जाड हातमोज्यांनी बोटांचा अंदाज जातो, शिवाय त्यांत अडकलेल्या नांग्यांचा गंध इतर माश्यांना चिथावतो, म्हणून ते वरचेवर धुवावेत. ही सर्व साधने वसाहत आणण्यापूर्वीच हाताशी असावीत, ही नवोदितांना कळकळीची विनंती.

– एक मधपाळ