काळे कोटिंग मारण्याआधी दारांची भोके उघडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की म्हापशापासून मडगावपर्यंत गॅरेजांच्या दारांत पावसाळी ‘अंडरबॉडी कोटिंग’चे, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या खालच्या पत्र्याला मारायच्या थराचे, फलक लागतात. दहा-बारा वर्षे जुन्या एसयूव्हीचे मालक विश्वासाने गाडी आत घालतात आणि तासाभराने ती खालून काळी कुळकुळीत होऊन बाहेर येते. घाईघाईत मारलेला हा थर जुन्या गाडीला वाचवत नाही, बऱ्याचदा गंज वाढवतोच. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात असे वाटले.

गोव्यात गाडीचा पत्रा अंगावर पडणाऱ्या पावसाने फारसा सडत नाही. आत शिरून तिथेच अडकलेले पाणी त्याला जास्त खाते. किनारपट्टीत हवेतले मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसते. मीठ हवेतला दमटपणा ओढून धरते, त्यामुळे डिसेंबरातसुद्धा ते सांधे पूर्ण कोरडे होत नाहीत. सत्तरी-धारबांदोड्याकडे मीठ कमी, पण लाल माती आणि झाडांचा पालापाचोळा भरपूर. तो चिखल मडगार्डच्या आत साचला की आठवडाभर ओल सोडत नाही. त्यात काही जण उन्हाळ्यात मचूळ झालेल्या विहिरीच्या पाण्याने गाडी धुतात. फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी चाके खाऱ्या पाण्यात जातात. अशा वेळी घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे, हा सर्वांत स्वस्त उपाय.

दारांपासून सुरुवात करतो. काचेला लागून असलेली बाहेरची रबरी पट्टी काच पुसते, पाणी पूर्ण अडवत नाही. थोडे पाणी दाराच्या पोटात जाणारच, हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते. म्हणून दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोके ठेवलेली असतात. वर्षानुवर्षांच्या धुळीने ती अर्धी बुजतात आणि राहिलेली कोटिंगवाला बुजवतो. मग पावसाळाभर दारात पाणी राहते. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर वेगळ्या तपासणीची गरज नाही. गाडी धुतल्यावर दार उघडून खालची कड पाहा. तिथून थेंब गळायला हवेत. भोके मोकळी करायला स्क्रूड्रायव्हर किंवा तार वापरू नये, रंग खरवडतो आणि गंज नेमका तिथूनच धरतो. प्लास्टिकचा केबल टाय पुरतो.

दाराचा बाहेरचा पत्रा खालच्या कडेला आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या दुमडीत पाणी ओढले जाते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला मुगाएवढा फोड दिसला, तर तोवर मागचा पत्रा बराच खाल्लेला असतो. त्या फोडावर टच-अपचा ब्रश फिरवण्यात काही अर्थ नाही. डिकीच्या दाराचेही हेच. नंबरप्लेटवरच्या दिव्यांची पट्टी आणि मागच्या वायपरचे रबर यांतून पाणी आत जाते आणि खालची कड सडते.

आता कोटिंगविषयी. डांबरी थर कालांतराने कडक होतो, खडीच्या माराने तडकतो, त्या तड्यांतून पाणी आत जाते आणि वरून सगळे काळेभोर, शाबूत दिसते. ओल्या गंजावर मारला असेल तर ओल आत कोंडली जाते. काम नीट करायचे तर गाडी खालून प्रेशरने धुवावी, एक पूर्ण दिवस उन्हात वाळवावी, सांध्यांतले पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने काढावे. सुटलेला जुना थर आणि गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढावेत, उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारे रसायन) लावून तो डब्यावर दिलेला वेळ राहू द्यावा, मग इपॉक्सी प्रायमर (पत्र्यापर्यंत पाणी पोचू न देणारा पहिला थर) आणि त्यानंतर वरचा थर. ब्रेक, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, रबरी बुश आणि पाण्याची भोके आधी टेपने झाकावीत. हे तासाभरात होत नाही. जो तासाभरात करून देतो त्याने वाळवायला वेळ दिलेला नाही, एवढे नक्की. पोकळ भागांत, म्हणजे दारांखालच्या रनिंग बोर्डाच्या पत्र्यात आणि चासीच्या (गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या) आत, डांबर उपयोगी नाही. तिथे लांब नळीच्या नोझलने मेणाचे कोटिंग मारतात. ते मऊ राहते आणि सांध्यात झिरपते.

बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांना स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर रबरी माउंटवर बसते. तिथे रनिंग बोर्डाचा पत्रा सडला तरी मुख्य जोर चासीवर असतो, म्हणून आधी चासी पाहावी. डस्टर, क्रेटा, एक्सयूव्ही ५०० यांना वेगळी चासी नाही. रनिंग बोर्डाचा पत्राच गाडीचा कणा असतो. जॅक लावताना तो आत दबत असेल, तर ती गाडी रंगकामाला नाही, कापून वेल्डिंग करायला न्यायची.

पुट्टीबद्दल (खड्डे भरून पत्रा सपाट करायच्या लेपाबद्दल) मोकळेपणाने लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. गंज घासून उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरली आणि वर रंग मारला, तर तो भाग पुढच्या पावसाळ्यात फुगतो. आधी इपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर पुट्टी, तीही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर तिच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो. काम लवकर उरकायला तो जास्त घातला, तर पुट्टीत सुईएवढी छिद्रे पडतात आणि रंगावर डाग उमटतात. आपल्याकडे पुट्टी पाणी मारून घासायची सवय आहे. ती सोडली पाहिजे. कोरडे घासावे, धूळ नाकात जाणार नाही असा मास्क लावून. जिथे पत्र्याला भोक पडले आहे तिथे फायबरची चटई आणि पुट्टी हा इलाज नव्हे. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचे, नवा तुकडा वेल्ड करायचा आणि मागच्या बाजूला मेण मारायचे. वेल्डिंगने मागचा रंग जळतो, ही शेवटची पायरी राहिली तर तुकडा आतून पुन्हा सडतो. वेल्डिंगआधी बॅटरी काढलीच पाहिजे.

ग्राहकाने गॅरेजकडे एक गोष्ट हक्काने मागावी. घासून झाल्यावर, पुट्टी भरण्याआधी, उघड्या पत्र्याचा फोटो. प्रामाणिक टिंकर (पत्राकाम करणारा कारागीर) तो आनंदाने देतो.

गाडीच्या आत ओल आली की बहुतेक जण दाराचे रबर बदलतात. रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. सहज निघाली तर तिथले रबर दबून सैल पडले आहे. पण बऱ्याचदा दोष दुसरीकडेच असतो. दार-पॅडच्या (दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या) मागे पत्र्यावर प्लास्टिकचा एक कागद काळ्या चिकट दोरीने चिकटवलेला असतो. दाराच्या पोटातले पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. स्पीकर किंवा काचेची मशीन बदलताना मेकॅनिक तो फाडतो, अर्धवट लावतो किंवा फेकून देतो. त्यानंतर प्रत्येक पावसात दारातले पाणी मॅटिंगवर (पायांखालच्या गालिच्यावर) उतरते आणि मालक रबरावर रबर बदलत राहतो. गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, हा कागद परत नीट चिकटवा. ब्युटाइलची चिकट दोरी फार महाग नाही.

दुसरी जागा वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीची. आंबा, फणस, गुलमोहराखाली गाडी उभी राहते, पाने जाळीखाली कुजतात, पाण्याची वाट बुजते आणि पाणी ब्लोअरमधून पायाशी येते. वायपर आणि जाळी काढून तो कचरा वर्षातून दोनदा हाताने काढावा. तिसरी एसीच्या निचऱ्याची नळी. दमट दिवसात एसी पंधरा मिनिटे चालवून गाडीखाली पाण्याचे थारोळे झाले नाही, तर नळी तुंबली आहे आणि ते पाणी डावीकडच्या मॅटिंगखाली जात असणार. तिथली ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आहे, म्हणजे हीटरची जाळी गळते. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांतून खाली उतरतात. त्या नायलॉनच्या दोऱ्याने साफ कराव्यात. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली तर नळी छताच्या आत जोडापासून सुटते आणि आजवर न गळणारी गाडी गळू लागते. याशिवाय तपासायच्या जागा म्हणजे रूफ रेलचे (छतावरच्या दांड्यांचे) बोल्ट, मागच्या दिव्यांचे रबर, आणि काच बदलताना चौकटीवर पडलेले चरे. त्या चऱ्यांवर प्रायमर न लावता नवी काच चिकटवली, तर दोन-तीन वर्षांत गंज काचेच्या गोंदाखाली शिरतो.

गळती शोधायला दोन माणसे लागतात. एक टॉर्च घेऊन आत, दुसरा साधी नळी घेऊन बाहेर. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे आणि प्रत्येक जागी चार-पाच मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे वाहते आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नये. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो.

मॅटिंग वरून कोरडे लागते, म्हणून फसू नये. त्याखालच्या जाड फोममध्ये कित्येक लिटर पाणी बसते आणि जुलै-ऑगस्टच्या आपल्या हवेत ते वाळत नाही. सीटचे बोल्ट काढून मॅटिंग उचलावे लागते. अनेक गाड्यांत वायरिंगचे जोड मॅटिंगखालून जातात, काहींत कंट्रोल मॉड्यूलही तिथेच असतो. खिडक्या आपोआप चालणे, एअरबॅगचा दिवा लागणे, यांचे मूळ अनेकदा ओल्या मॅटिंगखाली हिरव्या पडलेल्या पिनांत सापडते. सीटखालची पिवळी जोडणी एअरबॅग किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेची असते. बॅटरी काढून दहा मिनिटे थांबल्याशिवाय तिला हात लावू नये.

छताचे कापड लोंबणे ही जुन्या गाड्यांची ठरलेली तक्रार. कापडामागचा पातळ फोम उष्णता आणि दमटपणाने कुजून त्याचा भुगा होतो. गोंद सुटलेला नसतो, फोमच उरलेला नसतो. म्हणून सिरिंजने गोंद भरणे, टाचण्या टोचणे हे टिकत नाही. खांबांवरची कव्हरे, हँडल, सन व्हायझर आणि दिवे काढून छताचा अख्खा बोर्ड डिकीतून न वाकवता बाहेर घ्यावा. जुना फोम ब्रशने पूर्ण काढावा, कारण कणभर राहिला तरी नवे कापड तिथून सुटते. तीन मिलिमीटर फोम असलेले कापड, दीड मीटर पन्ह्याचे, तीन रांगांच्या गाडीला तीन ते साडेतीन मीटर लागते. गोंद उष्णता सोसणारा हवा. सुताराचा साधा गोंद उन्हात उभ्या गाडीच्या छताशी मऊ पडतो. बोर्ड आणि कापड दोन्हींना गोंद मारून तो बोटाला चिकटेल इतका सुकू द्यावा, मग मधून कडांकडे तळव्याने बसवत जावे. कडेला पडदा-एअरबॅग (अपघातात छताच्या कडेतून पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या) असतील तर हे काम जाणकार कुशनवाल्याकडेच द्यावे.

कन्सोल आणि बटणे चिकट होणे हेही दमटपणाचेच काम. त्यावरचा रबरी रंग विरघळू लागलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो संपूर्ण काढून टाकावा. थिनर किंवा पेट्रोल लावले तर खालचे प्लास्टिकच खराब होते. दारांचा खडखड बहुधा कडक होऊन तुटलेल्या नायलॉनच्या क्लिपांचा असतो. दार-पॅड एकदा उघडले की सगळ्या क्लिपा नव्या घालाव्यात. पिवळे हेडलाइट ८०० ते ३००० नंबरच्या कागदाने टप्प्याटप्प्याने घासून वर यूव्ही क्लिअर (ऊन सोसणारा पारदर्शक थर) मारला तरच टिकतात. नुसत्या पॉलिशने काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडतात. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर दार उघडून हाताने वर उचलून पाहा. खुळखुळले तर बिजागरीची पिन झिजली आहे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांनी वाढवता येते, त्यामुळे अशा गाड्या गोव्यात आणखी बराच काळ फिरणार आणि हातोहात विकल्या जाणार. घेणाऱ्याने चकचकीत रंगाकडे पाहू नये. दाराची खालची कड, डिकीतल्या स्टेपनीची खोबण आणि मॅटिंगखालचा पत्रा हात लावून बघावा. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावेत. एरवी आत गुंडाळलेला तो शेवटचा हात-दीड हात भाग कोणी धूत नाही. तिथे मातीची रेघ किंवा बुरशीचे डाग दिसले तर गाडीत पाणी शिरले होते. पट्टा ताठर झाला असेल किंवा कडेचे धागे सुटले असतील, तर किंमत ठरवण्याआधी त्या सीटचा नवा बेल्ट बसवण्याचा खर्च विक्रेत्याकडून कापून घ्यावा.

आपला नम्र,
बॉडीकाम करणारा एक वाचक, फोंडा