आमच्याच कापसाचे आम्ही चोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला उदारमतवादावरचा लेख वाचला. लेखकमहाशयांचा व्यासंग दांडगा आहे. लॉक आला, ॲडम स्मिथ आला, मिलही आला, उदारमतवादाचे सगळे विलायती विचारवंत आले. मात्र हे 'सुटाबुटातल्यांचे तत्त्वज्ञान' असून आपल्या मातीत ते कधी रुजलेच नाही, हा शोध वाचून राहवले नाही. मातीत काय रुजते ते आम्हाला विचारायचे होते.

१९८५-८६चा हंगाम असेल. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार योजना होती, म्हणजे कापूस खरेदीचा हक्क एकट्या सरकारला. पेरणी आमची, खुरपणी आमची, वेचणीची मजुरी आमच्या खिशातून, पण कापूस घालायचा सरकारलाच. संकलन केंद्रावर गाड्यांची दोन-दोन दिवस रांग, ग्रेडरसाहेबांच्या मर्जीप्रमाणे प्रत, आणि चुकारा हप्त्याहप्त्याने. राज्याच्या सीमेपलीकडे आदिलाबादेत व्यापारी रोख मोजत होता. बहिणीचे लग्न तोंडावर आलेले. वडिलांनी आणि मी रात्री बैलगाडी जुंपली. नाक्यावर अडवले. पंचनाम्यात 'चोरटा कापूस' असे लिहिले. वडील एवढेच म्हणाले, "साहेब, चोरी कुणाच्या घरची केली तेवढं लिवा की." ते काही लिहिले नाही. बैल तिसऱ्या दिवशी सुटले, कापूस सुटला नाही. लग्न उसनवारीवर झाले.

माणूस ज्यात आपले श्रम ओततो ते त्याचे होते, असे लॉकने तीनशे वर्षांपूर्वी मांडले, हे मला आपल्या लेखातूनच कळले. आभारी आहे. आमच्याकडे शेतकरी संघटनेने तेच 'भीक नको, हवे घामाचे दाम' असे म्हटले होते. शरद जोशींच्या सभेला भाकरी बांधून, छातीवर लाल बिल्ला लावून बसलेल्यांत सूट घातलेला एकही मला दिसला नाही. आमची नजर कमी असेल.

'मोकळा बाजार म्हणजे व्यापाऱ्यांना मोकळे रान' असेही लेखात आहे. व्यापारी एकत्र जमले की गिऱ्हाइकाविरुद्ध कट शिजतो, हे ॲडम स्मिथनेच बजावून ठेवले आहे. ते का गाळले? व्यापारी साधुसंत नाहीत, आडतीवर आम्हीही काटा मारून घेतला आहे. पण एक व्यापारी लुबाडू लागला तर दुसऱ्याच्या दारात गाडी लावता येते. एकाधिकाराच्या १९७१च्या कायद्याने दुसरे दारच ठेवले नव्हते.

मालमत्तेचा हक्क १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला, त्याला लेखक 'पुरोगामी पाऊल' म्हणतात. जमीन संपादनात गेलेल्या एखाद्याबरोबर त्यांनी मावेजासाठी चार हेलपाटे मारून बघावेत. एकाधिकार गेला, सवय कुठे गेली? डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यात अचानक बंद केली, तेव्हा आपल्या अग्रलेखाला ग्राहकाच्या दिलाशाचे कोण कौतुक!

अग्रलेखावरून आठवले. आपल्या अंकातला बाजारभावाचा रकाना दिवाळीपासून गायब आहे आणि त्या जागी राशिभविष्य दुप्पट झाले आहे. अंक आमच्याकडे अकराच्या एसटीने येतो, म्हणजे भविष्यातला अर्धा दिवस तसाही उलटलेला असतो. कापसाचा भाव तेवढा छापत चला.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. किनवट, जि. नांदेड