वहाळावरचा मळा सोडताना

चि. सौ. ताई हिस,

अनेक आशीर्वाद.

या वर्षी वहाळावरच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, मळ्याचा खंड (मालकांना द्यायचे जमिनीचे भाडे) भरायचा नाही, असे मी ठरविले आहे. भातकापणी निम्म्यावर आली आहे. झोडणी उरकली की जमिनीचे मालक दर वर्षीप्रमाणे विचारायला आले असते. त्याआधीच, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन तसे सांगून आले. हे तुला फोनवर सांगता आले असते, परंतु पहिल्या वाक्यालाच तू ‘बरे झाले’ म्हणाली असतीस आणि पुढचे बोलायचे राहून गेले असते. मला ते पुढचेच सांगायचे आहे, कारण मळा सोडणे आणि बागकाम सोडणे या दोन गोष्टी तू एकच समजतेस, आणि अलीकडे तुझ्या बाबांनाही तसेच वाटू लागले आहे.

तुला मळा आठवतो तो नाताळच्या सुटीतला, मुळे उपटायला आलेला आणि माठाने लाल झालेला. तो तसा दिसण्याआधीचे काम तू फारसे पाहिलेले नाहीस. पाऊस सरला की वहाळाचे पाणी झपाट्याने उतरू लागते आणि ते अडविण्यासाठी सगळे मळेकरी मिळून बंधारा घालतात. पूर्वी तो दगड, माती आणि झाडांचा पाला यांनी बांधीत. आता सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू आणि माती भरून त्या रचतात. प्रत्येक घरातून एक माणूस त्या कामाला उभा राहिलाच पाहिजे, हा नियम कोणी कागदावर लिहिलेला नाही, तरी तुझ्या आजीच्या हातात मळा होता तेव्हापासून तो मोडलेला मी पाहिला नाही. वईचेही, म्हणजे मळ्याभोवतीच्या कुंपणाचेही, तसेच आहे. भात निघाले की गुरे मोकळी सुटतात, आणि ज्याच्या हिश्श्याची काटेरी वई मोडकी राहते त्याच्या बाजूने शिरून ती सगळ्यांच्या वाफ्यांतून फिरतात. म्हणजे या मळ्यात एकाने कामात ढिलाई केली तर तिचा भुर्दंड दहा घरांना बसतो.

अलीकडे माझ्या हिश्श्याची वई शेजारचे मळेकरी घालीत होते आणि बंधाऱ्यावरही ‘बाई, तुम्ही नुसत्या येऊन बसा’ असे म्हणत होते. त्यांच्या बोलण्यात मायाच होती. कित्येक जण माझ्याच वर्गात बसलेले. परंतु वई दुसऱ्याने घालायची आणि तिच्या आतली भाजी मी काढायची, हे माझ्या मनाला पटत नाही. मळा सोडण्याचे पहिले कारण हे आहे, गुडघे हे दुसरे.

दुसरे कारणही लिहिते. बंधारा झाला तरी आपल्या तुकड्याला पाटाचे पाणी चढत नाही, कारण तो बाजूच्या मळ्यांपेक्षा उंचावर आहे. डवऱ्यातून, म्हणजे पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यातून, कळशीने उपसून ते आणावे लागते. वांग्या-मिरचीचे रोप लावल्यावर पहिला आठवडा दोन्ही वेळ पाणी द्यावे लागते, थंडीत एक दिवसाआड भागते आणि शिमग्यानंतर ऊन तापले की पुन्हा रोज. भरलेली कळशी कंबरेवर घेऊन ओल्या बांधावरून चालायचे, वाकून हळूहळू ओतायचे म्हणजे रोपाच्या बुडाची माती उघडी पडत नाही, आणि पुन्हा डवऱ्याकडे उतरायचे. हे काम आता शरीराला पेलत नाही, असे लक्षात आले तेव्हाच मी मळा आतल्या आत लहान करीत आणला. आधी मिरची बंद केली, मग वांगी, मग नवलकोल. मुळा आणि तांबडा माठ काही काळ ठेवले, कारण ते महिना-दीड महिन्यात हाती येतात. शेवटी वाल आणि कुळीथ एवढेच उरले. भात निघाल्यावर जमिनीत जो ओलावा राहतो त्यावर आणि थंडीतल्या दवावर ते निभावतात. वयोमानाने काम कमी करू पाहणाऱ्या कोणालाही मी हाच क्रम सांगेन. आधी पाणी मागणारे पीक सोडावे, मग वाकायला लावणारे, आणि ओलीवर येणारे सर्वांत शेवटी.

राहता राहिली नजर. आपल्या जांभ्याच्या मुलखात फुरशांची, या विषारी सापांची, वस्ती मोठी आहे, आणि वाळलेल्या पाल्यात पडलेले फुरसे धडधाकट डोळ्यांनाही चटकन दिसत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही तिन्हीसांजेला वईच्या बुडाशी हात घालताना मला भरवसा वाटत नाही. त्यात रानडुकरांमुळे रात्रीची राखण आली. ती तरण्या माणसांनीच करावी.

‘मग मजुरी देऊन माणूस लाव, मळा चालू राहील,’ असे तू मागे एकदा म्हणालीस. माणसे मिळत नाहीत ही अडचण बाजूला ठेवली तरी ते मला योग्य वाटत नाही. मजुरीचा माणूस खणून देईल, पाणीही घालील; पण वालावर मावा आला आहे का, हे सकाळी दव असतानाच कोवळे शेंडे उलटून पाहावे लागते. शेंड्यावर काळे बारीक ठिपके दाटलेले दिसले की त्याच ओल्या पानांवर चुलीतली चाळलेली राख शिंपडायची. ऊन चढल्यावर ती चिकटत नाही. ज्याचा मळा आहे त्यानेच रोज जाऊन पाहावे, असे हे काम आहे. मी घरी बसून मळा दुसऱ्याकडून करून घ्यायचा आणि त्याला माझा म्हणायचा, त्यापेक्षा तो ज्याला करायचा आहे त्याच्या हाती जावा.

तसा माणूस मिळाला आहे, याचे मला फार समाधान आहे. खालच्या वाडीतली, आपल्या शेजारचा अर्धा तुकडा करणारी सून तुला ओळखीची असेल. तिचा नवरा हर्णैला मच्छीमार बोटीवर असतो आणि ती पहाटे भाजीच्या जुड्या बांधून आठवडी बाजारात नेते. तिला जमीन अपुरी पडत होती. मालकांना मी तिचेच नाव सुचविले आणि त्यांनी ते मान्य केले. गेल्या आठवड्यात तिला घेऊन तुकड्याच्या चारी कडांनी फिरले. उत्तरेच्या कोपऱ्यात काजूची सावली लवकर येते, म्हणून तिथे माठ पेरायचा, मिरची नाही. वहाळाच्या बाजूची माती चिकण आहे, तिथे मुळा वेडावाकडा होतो. मधला पट्टा वर्षानुवर्षे पाला आणि राख घालून भुसभुशीत झालेला आहे, तिथे वांग्याचे रोप लावावे. हे सगळे तिला स्वतःला कळायला बराच काळ गेला असता. बी-बियाणेही तिला दिले: राख मिसळून डब्यात ठेवलेले कडवे वाल, आपला तांबडा माठ, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आणलेल्या ‘कोकण सदाबहार’ चवळीचे बी. तुम्ही सुटीला याल तेव्हा तिच्याकडून भाजी जरूर घ्या, मात्र ती पैसे नको म्हणेल तरी बाजारभावाने पैसे देऊनच घ्या.

आता घराभोवतीच्या परसवाविषयी. ते मी सोडणार नाही, आणि या बाबतीत तू मला आग्रह करू नयेस. इथे पाणी दाराशी आहे, थकले तर पडवीत बसता येते आणि हाक मारली तर तुझ्या बाबांना ऐकू जाते. परंतु इथेही पूर्वीइतके करणार नाही. न्हाणीघराचे पाणी जिथे जाते तिथले अळू आणि केळी आपापल्या वाढतात, त्यांना हात लावायचे कारण नाही. शेवगा, कढीपत्ता, गवती चहा, रातांब्याचे झाड आणि कणगराचा (कंदाचा) वेल हेही तसेच राहतील. मिरवेल, म्हणजे काळ्या मिरीची वेल, मात्र पोफळीवर (सुपारीच्या झाडावर) इतकी उंच गेली आहे की तिचे घोस काढायला शिडी लागते. ती हाताला येईल एवढ्या उंचीवर छाटून ठेवायची आहे. दोन मांडवांचा एक मांडव करणार आहे.

तो एक मांडव पावसाळ्यासाठी. मृगाच्या सुमारास आळ्यात बी टाकले की पडवळ, दोडका, तवसे (मोठी काकडी) यांना दसऱ्यापर्यंत सहसा वरून पाणी द्यावे लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसाने भाजी करायची तर ती पावसाळीच करावी, हे मला उशिरा का होईना पण पक्के पटले आहे. हिवाळी भाजीचा मोह सुटत नाही, कारण ती अधिक देखणी असते; पण तिच्यासाठी जी कळशी वाहावी लागते ती पावसाळ्यात आभाळ वाहते. पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधायचा असतो. या पावसात ते काम मी स्टुलावर बसून केले, आणि त्यात काही कमीपणा वाटला नाही.

बियाण्यासाठी राखलेला एक दोडका चुलीवरच्या आढ्याला टांगलेला आहे. तो अगदी वाळून हलका झाला, हलवल्यावर आत खुळखुळ वाजू लागला, की त्याच्या खालच्या टोकाची टोपी अलगद निघते आणि उलटा न करताच काळे बी हातावर पडते. मुलांना हे दाखवायचे आहे, म्हणून त्याला अजून हात लावलेला नाही.

पावसाळ्यात भीती आहे ती शेवाळाची. विहिरीकडच्या जांभ्याच्या पायवाटेवर आम्ही झावळ्या अंथरल्या आहेत आणि तुझ्या बाबांनी एका बाजूने बांबूचा कठडा बांधून घेतला आहे. कोथिंबीर, मेथी आणि चार मिरच्या यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या मागे चिऱ्यांचा ओटा बांधायचा आहे. खुर्चीवर बसल्या जागेवरून त्याच्या मध्यापर्यंत हात पोहोचावा, एवढाच तो रुंद असेल. तळाशी नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींचा, थर, त्यावर माती आणि शेणखत. सोडणे पाणी धरून ठेवतात म्हणून उन्हाळ्यातही शिंपण कमी लागेल. गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे.

आपल्या नारळ-सुपारीच्या वाडीची काळजी तुला वाटते, तीही रास्त आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपले माड आणि पोफळी कशा आडव्या झाल्या ते तू नंतर येऊन पाहिलेच होतेस. तेव्हा या वयात पुन्हा लावून काय करायचे, असे पुष्कळ जण म्हणाले. बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षांनी धरतो आणि त्याचे आयुष्य ऐंशी वर्षांच्या आसपास असते, हे ठाऊक असूनही तुझ्या बाबांनी रोपे आणली आणि प्रत्येक खड्डा स्वतः उभे राहून खणून घेतला. त्यांतल्या काही माडांना आता पोय, म्हणजे फुलोरा, दिसू लागली आहे. म्हणून वाडी विकण्याचा विषय त्यांच्यापुढे काढू नकोस. नारळ-सुपारी पाडणे आणि शिंपण ही दोन्ही कामे आम्ही अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, देणार आहोत. ठिबकच्या नळ्या आहेतच, त्या फक्त अधूनमधून उघडून साफ कराव्या लागतात. मधल्या जागेतली केळी आणि अननस मात्र यापुढे करणार नाही. पावसाच्या तोंडावर पोफळींवर बोर्डो मिश्रणाची फवारणी वेळेवर झाली पाहिजे, नाहीतर कोळेरोगाने सुपारी गळते. ते लक्ष ठेवण्याचे काम तुझे बाबा करतील, झाडावर कोणी चढायचे ते पाडेली, म्हणजे नारळ-सुपारी पाडणारा, ठरवील.

येताना माझ्यासाठी हलकी, लांब दांड्याची खुरपी मिळाली तर घेऊन ये. इथे बाजारात सगळ्या आखूड दांड्याच्या आणि जड आहेत. झारीही लहान हवी, पाच लिटरच्या आतली. ओट्याची उंची किती ठेवायची ते गवंड्याला खडूने भिंतीवर रेघ मारून दाखविले आहे, त्यामुळे त्यासाठी कोणी धावत येण्याची गरज नाही.

जावईबापूंना आणि मुलांना आशीर्वाद. तुझ्या बाबांची प्रकृती ठीक आहे.

तुझी,
आई